गुरुलिंग सरांच्या वासांची वही

बातमी मौलाभाईंनी आणली. मे महिना होता, कॉलेजला सुट्टी होती आणि पुस्तकांच्या वार्षिक मोजणीसाठी मी ग्रंथालयात एकटीच बसले होते. मौलाभाई म्हणजे आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे परिचर. प्राध्यापक गुरुलिंग सरांच्या हाताखाली त्यांची सगळी नोकरी गेली. एरवी व्हरांड्यातूनच "बाई, सलाम" म्हणत येणारा हा माणूस त्या दिवशी चौकटीला हात लावून उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "सर गये, बाई," ते म्हणाले. "सुबे चाय पिये, कुर्सीपे बैठे, और गये." मी हातातलं पुस्तक फळीवर ठेवलं, यादीत त्याच्यापुढे खूण केली, पेनाला टोपण लावलं... एवढं सगळं मी त्या क्षणी शांतपणे केलं, हे आठवलं की अजून लाज वाटते.

त्यांच्या घरी गेले तेव्हा सरांना बसवलेलं होतं. लिंगायतांत देहाला आडवं करत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि तसंच बसलेल्या स्थितीत मातीच्या स्वाधीन करतात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. पाठीला पाट, कपाळभर विभूती, गळ्यात शेवंतीचे हार, आणि चेहरा वर्गात एखाद्या विद्यार्थ्याच्या उत्तराची वाट पाहावी तसा. समोर उदबत्त्यांचे जुडगे पेटवलेले होते. धूर सरळ त्यांच्या चेहऱ्याकडे जात होता आणि माझ्या मनात आलं, की आता खोलीतल्या प्रत्येकाच्या नाकात हा वास शिरतो आहे, एक नाक सोडून. पुढचा विचार त्याहून वाईट होता. त्या एका नाकाबद्दल मला कधीच काही नक्की सांगता येणार नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. आज पाच-सहा आठवडे झाले. हे लिहायला बसले आहे ते त्यासाठीच.

बहात्तरच्या दुष्काळात मी ग्रंथपाल म्हणून या कॉलेजात रुजू झाले. पहिल्याच महिन्यात प्राणिशास्त्राच्या वर्गाच्या बाहेरून जाताना आतून हसण्याचा आवाज आला म्हणून थांबले. उंच, किरकोळ बांध्याचे, अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून आलेले, कानडी हेलात मराठी बोलणारे गुरुलिंग सर फळ्यावर नाकाचा उभा छेद काढत होते. "शेंबूड म्हणा," ते मुलांना सांगत होते, "लाजायचं काय त्यात? शेंबूड नसता तर तुम्हाला आईच्या स्वयंपाकघराचा पत्ता लागला नसता की." मग त्यांनी खडूनं नाकाच्या छताशी एक ठिपका काढला. माणसात ही जागा टपालाच्या तिकिटाएवढी, पिवळसर. तिच्यात लाखो चेतापेशी दाटीवाटीनं उभ्या. प्रत्येकीच्या एका टोकाला अतिशय बारीक केस, शेंबडाच्या पातळ थरात बुडालेले. दुसऱ्या टोकाला एक धागा, थेट मेंदूकडे जाणारा. मेंदू आणि नाक यांच्यामध्ये चाळणीसारखं भोकाभोकांचं हाड असतं, त्या भोकांतून हे धागे वर चढतात. वासाचा कण हवेबरोबर येतो, त्या ओलाव्यात विरघळतो, केसाला लागतो आणि पेशी दचकते. "दचकणं हाच वास," सर म्हणाले. "डोळ्याच्या, कानाच्या पेशी आत दडून बसलेल्या. हीच एक जात बिचारी उघड्यावर. मेंदूचं बोट म्हणा, बाहेरच्या हवेत काढून ठेवलेलं." एका मुलानं विचारलं, कुठल्या कणानं कुठली पेशी दचकायची हे कसं ठरतं? सर खूश झाले. "काही म्हणतात कुलूप-किल्लीसारखं आहे. कणाचा आकार ही किल्ली. पण कुलूप अजून कुणी पाहिलेलं नाही. तुझ्या हयातीत कुणी पाहिलं, तर मला एक कार्ड टाक."

मी साहित्य शिकलेली बाई. शास्त्राचा आणि माझा संबंध पुस्तकांच्या पाठीवरच्या क्रमांकापुरता. पण त्या दिवसानंतर सर पुस्तकं न्यायला आले की मी मुद्दाम काहीतरी विचारू लागले. ते बोकडाच्या नाकाचा अभ्यास करत होते. मौलाभाई आठवड्यातून एकदा खाटकाकडून मुंडी आणत, आणि दर वेळी तिथे काय बोलणं झालं ते सरांना ऐकवत. "मैं बोला, नाककू हात नक्को लगाओ, हमारे सरकू नाकच होना. तो बोलता क्या, कालेजमें नाकका सालन पकाते क्या रे?" सर खो-खो हसत. घरी मात्र हे सगळं चालणारं नव्हतं. घर कडक शाकाहारी. पत्नी शांताबाई (त्यांना सगळे शांतक्का म्हणत) दाराबाहेर पाण्याची बादली आणि धुतलेलं धोतर ठेवत. अंगाला प्रयोगशाळेचा वास असेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, असा नियम. सर बादलीपाशी उभे राहून हात धूत, हात हुंगत, पुन्हा धूत. "माझं नाक पास करेल तेव्हा बायको पास करते," असं ते म्हणायचे.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी, थंडीत, सात रस्ता चौकापाशी त्यांची सायकल घसरली. मागे पडले, डोक्याचा मागचा भाग दगडावर आपटला. रक्त नाही, टाका नाही. डॉक्टरांनी दोन दिवस पडून राहा म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी ते ग्रंथालयात आले आणि माझ्या टेबलासमोर बसले. म्हणाले, "बाई, चहा गरम आहे एवढंच कळतं. गोड आहे एवढंच कळतं. चहा आहे हे कळत नाही." मग त्यांनी माझ्याच टेबलावरच्या कागदावर आकृती काढली. मागून मार बसला की मेंदू पुढे सरकतो, आणि चाळणीच्या भोकांतून वर गेलेले ते धागे कातरल्यासारखे तुटतात. इतक्या शांतपणे सांगितलं, जणू कुणा तिसऱ्याच माणसाचं सांगत आहेत. "वीस वर्षं बोकडाचं तेच हाड कापलं. आता माझं आतल्या आत कापलं गेलं." तेव्हापासून संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी ते माझ्याकडे येऊ लागले. हात पुढे करून उभे राहत आणि खालच्या आवाजात विचारत, "येतोय का वास?" मी सांगे, थोडा येतोय. ते परत नळाकडे जात. एक प्रौढ, मानी माणूस रोज आपले हात दुसऱ्यासमोर धरतो... मला ते पाहवत नसे. शांतक्कांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असंही त्यांनी बजावलं होतं. "तिला वाटेल तिच्या हातची चव गेली. ती मीठ वाढवत बसेल."

परदेशी नियतकालिकं आमच्याकडे बोटीनं, महिनोन् महिने उशिरा येत. पाकिटं फोडून नोंद करणं माझं काम. वर्षभरानं अशाच एका अंकात मला नाकाचा छेद दिसला, सरांच्या फळ्यावरच्यासारखाच. इंग्रजी जेमतेम झेपेल इतकं कठीण होतं, पण पहिला परिच्छेद कळला आणि मी अंक घेऊन, नोंद न करताच, प्रयोगशाळेत गेले. सरांनी तो उभ्याउभ्याच वाचला. चेतापेशी एकदा मेली की मेली, पुन्हा येत नाही, असं ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. इथे लिहिलं होतं की उंदरांच्या नाकातल्या या पेशी सतत मरतात, त्यांच्या तळाशी असलेल्या लहान पेशींतून नव्या उगवतात, आणि धागे कापले तरी नवे धागे चाळणीतून वाट शोधत पुन्हा मेंदूपर्यंत जातात. सरांनी अंक मिटला. "म्हणजे उघड्यावर राहण्याचं भाडं असं भरतात," ते म्हणाले, आणि मग एकदम, मला प्रथमच, नुसतं "बाई" न म्हणता "अहो ताई" म्हणाले. "अहो ताई, उंदराला जमतं, बोकडाला जमत असेल, तर मला का नको?"

तिथून त्या वहीची सुरुवात झाली. प्रयोगशाळेत औषधांचा दर्प भरून राहिलेला, म्हणून ग्रंथालयाच्या मागची खोली ठरली. वेळ सकाळी सातची, कॉलेज भरण्याआधीची. आठ सारख्या बाटल्या, काळ्या कागदात गुंडाळलेल्या. सहांत वास: खस, केवडा, कॉफी, तिळाचं तेल, विडीची तंबाखू, ज्वारीचं आंबवलेलं पीठ. दोनांत नुसतं पाणी. कापूर, मिरची, नवसागर यांना त्यांनी मनाई केली; ते नाकाला झोंबतात, आणि झोंबणं हे दुसऱ्याच शिरेचं काम आहे, वासाचं नव्हे, असं त्यांनी समजावलं. रोज बाटल्यांचे क्रमांक मी बदलायचे आणि कुठल्या क्रमांकात काय आहे याची चिठ्ठी माझ्याजवळ ठेवायची. ते हुंगतील आणि सांगतील. मी बोलायचं नाही, मानही हलवायची नाही. वहीत दोन रकाने: डावीकडे दिलेला वास, उजवीकडे ओळखलेला वास. नंतर चिठ्ठी फाडून टाकायची. मौलाभाईंनी एकदा खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, सरकू नजर लगी क्या? ऐसा बोतलां सूंगनेसे उतरती क्या?" मी म्हटलं, उतरेल. "हौ, फिर ठीक है," म्हणून ते दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीला सकाळी पावणेसातला झाडू मारून ठेवू लागले.

आठ महिने डावा रकाना आणि उजवा रकाना एकमेकांशी बोलले नाहीत. कधी एखादं उत्तर जुळे, पण आंधळ्यानं दगड मारला तर एखादा आंबा पडावा तेवढंच. सर दर शनिवारी आकडेमोड करत, आणि "योगायोग" असा शब्द खाली लिहीत. एक सकाळ मला स्वच्छ आठवते. त्यांनी दाढी केलेली नव्हती. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "आजचा शेवटचा दिवस, बाई. माणूस उंदीर नाही." पहिल्या दोन बाटल्यांना त्यांनी नुसतीच मान हलवली. तिसरी नाकाशी धरली आणि धरूनच ठेवली. डोळे मिटलेले होते. "केवडा?" ते म्हणाले. मग डोळे उघडून, नियम मोडून, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "केवडा ना, ताई?"

तिसऱ्या बाटलीत पाणी होतं.

"हो," मी म्हणाले.

त्या माणसाचा चेहरा कसा झाला ते मी इथे लिहिणार नाही. मला तेवढी भाषा येत नाही, आणि ज्यामुळे तो तसा झाला ते खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी ते साडेसहालाच आले होते. मला वाटलं होतं की एक दिवस खोटं बोलावं आणि मग गप्प बसावं. पण खोट्याला दुसऱ्या दिवशीही सकाळी सातला यावं लागतं. चिठ्ठीकडे पाहून, मनात खरं उत्तर ठेवून, त्यांच्या चुकीच्या उत्तराला होकार देणं मला साधेना. चेहरा दगा देईल अशी भीती वाटे. म्हणून मी चिठ्ठी करणंच सोडलं. हाताला येईल ती बाटली पुढे करायची, आपल्याला वास येऊ नये म्हणून खिडकीकडे तोंड करून बसायचं आणि ते म्हणतील तेच दोन्ही रकान्यांत लिहायचं. खरं वाटावं म्हणून दहात दोन-तीन उत्तरं चूक दाखवायची, तीही मनाला येतील ती. खोटं बोलायचं तर आपल्यालाही खरं माहीत नसावं, म्हणजे सोपं जातं, हा शोध माझा. तीन महिने असं चाललं. सरांचे गाल भरले. घरी जाण्याआधी हात दाखवायला येणं त्यांनी बंद केलं. स्वतःच हुंगत आणि स्वतःच पास करत. शांतक्का एकदा वाटेत भेटल्या तर म्हणाल्या, "बाई, आमच्या ह्येंचं जेवण वाडलंय बगा. कुणाची दिष्ट उतरली देव जाणे." एका सकाळी खसाची म्हणून त्यांनी जी बाटली ओळखली, ती हातातून खालीच ठेवली नाही. त्यांचे डोळे पाणावले होते. "आजचा अगदी जवळ आला," ते म्हणाले. "माझ्या आजोळच्या माठातल्या खसाएवढा जवळ." मी दोन्ही रकान्यांत खस लिहिलं.

मग त्यांनी लेख लिहिला. एका माणसाच्या बाबतीत, अपघातानंतर, इतक्या महिन्यांनी, रोजच्या नोंदींसह. तो माणूस कोण ते लेखात नव्हतं. नुसतं एक पुरुष, वय अमुक, व्यवसाय अध्यापन. ग्रंथालयाच्या टंकयंत्रावर तो मीच टंकून दिला. तक्त्यातला प्रत्येक आकडा माझ्या बोटांखालून गेला. सरांनी पाकिटावर परदेशचा पत्ता लिहिला, तिकिटं लावली आणि कॉलेजच्या टपालात घालायला माझ्याकडे दिलं. ते पाकीट आठ दिवस माझ्या खणात होतं. रोज ते विचारत, "गेलं ना?" मी म्हणे, जाईल. माझ्या खोटेपणाची मला तोवर सवय झाली होती, पण हे पाकीट वेगळं होतं. एका माणसाला बरं वाटावं म्हणून बोललेलं खोटं आता छापून, जगाच्या पाठीवर कुठल्या तरी दुसऱ्या ग्रंथालयात, दुसऱ्या एखाद्या बाईच्या नोंदवहीत जाणार होतं. आणि ते सरांच्या नावावर जाणार होतं. नवव्या दिवशी सकाळी मी बाटल्या मांडल्याच नाहीत. पाकीट टेबलावर ठेवलं आणि सांगितलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रयोगात चूक शोधावी तसे एकेक विचारत गेले. "तिसऱ्या बाटलीत?"

"पाणी होतं, सर."

"आणि दुसऱ्या दिवसापासून?"

"तुम्ही म्हणाल ते लिहिलं."

"ते उजव्या रकान्यात. डाव्या रकान्यातलं खरं कुठं आहे?"

"नाही, सर."

"नाही म्हणजे? चिठ्ठ्या?"

"केल्याच नाहीत."

त्यांनी वहीची पानं मागे उलटली. बाहेर गिरणीचा भोंगा झाला, थांबला. "मग बाई," ते अगदी हळू म्हणाले, "मी चूक होतो, हे तुम्हाला कसं माहीत?"

मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. मी धरून चालले होते की त्यांना काही येत नाही. पहिल्या आठ महिन्यांवरून, त्या एका पाण्याच्या बाटलीवरून. पण त्या तीन महिन्यांत, एखाद्या सकाळी, एखादा धागा चाळणीतून वर पोहोचला असला तर? खसाची ती बाटली खरंच खसाची असली तर? ते कळायची जगात एकच जागा होती, तो डावा रकाना, आणि तिथे मी माझ्या सुवाच्य अक्षरात खरं काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. "उलटं लिहिलं असतंत तर उलटं वाचता आलं असतं," सर म्हणाले. "तुम्ही पुसलंत." पुन्हा सुरू करू या, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. "आता मला वास आला तरी तो नाकातून आला की तुमच्या 'हो'मधून, हे मला कळणार नाही. तुम्ही मला वास दिलात बाई, पण आता तो माझा मलाच तपासता येत नाही." त्यांनी वही घेतली, पाकीट घेतलं, जाताना दार हळूच लोटून घेतलं.

त्यानंतर पावणेतीन वर्षं आम्ही एकाच कॉलेजात होतो. समोर आले की सर नमस्कार करत, प्रकृती विचारत. कुणाला शंकाही येऊ नये इतकं सगळं नीट. फक्त पुस्तकं न्यायला मौलाभाई चिठ्ठी घेऊन येऊ लागले. एकदा मी त्यांना विचारलं, सर माझ्याबद्दल काही बोलतात का? "कुछ नै बोलते बाई," ते म्हणाले आणि माझं तोंड पाहून त्यांनी जोडलं, "बुरा भी नै बोलते." मागच्या खोलीत मी नंतर जुने अंक रचून ठेवले. पण सकाळी सातला कुलूप काढताना मला आतून खुर्ची सरकल्याचा भास होई. अजून होतो. बाटल्या फेकून दिल्या होत्या, तरी कधी कधी त्या खोलीत केवड्याचा वास येतो. आणि ज्या बाटलीनं हे सगळं घडलं तिच्यात तर केवडा नव्हताच. सर म्हणाले असते, बाई, हा वास नाकातला नव्हे. मला तो येतो, एवढंच मला सांगता येतं.

मागच्या आठवड्यात शांतक्कांनी निरोप पाठवला, की ग्रंथालयाची तीन पुस्तकं घरात राहिली आहेत, घेऊन जावा. मी गेले. बाहेरच्या खोलीत, जिथे सरांना बसवलं होतं, तिथे आता एक कॉट आणि भिंतीला लागून लोखंडी कपाट. शांतक्का पदरानं एकेक पुस्तक पुसून माझ्या हातात देत होत्या.

"चहा टाकू का?"

"नको, शांतक्का."

"ह्येनी पण शेवटी शेवटी नकोच म्हणायचे." त्या कॉटवर बसल्या. "बाई, तुमास्नी म्हाईत हाय व्हय, ह्येंचं नाक गेलं व्हतं ते?"

मी दचकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? बायको हाय मी. आमटीत हिंग इसरले, तर गप जेवले. तवाच कळलं. मी बी गप बसले." त्या किंचित हसल्या. "पण नंतर आलं बरं का ते. मागल्या उन्हाळ्यात."

"कशावरून?" मी विचारलं.

"ह्या कपाटामागं उंदीर मेला व्हता. मला कळंना, माजं नाक सर्दीनं बंद. ह्येनी हितं पडले व्हते. एकदम उटून बसले. म्हणाले, शांते, काय तरी कुजलंय. मी म्हणलं, कुटं काय? तर एकट्यानं कपाट सरकवलं की. निगाला तितं."

"तुम्ही... मला कळवलं नाही?"

"मी म्हणलं की, बाईस्नी सांगून या. तुमी दोगं सकाळी सकाळी काय करत हुता, ते मौलानं सांगितलं व्हतं मला. बाई लई खूश हुतील, म्हणलं. तर हसले. म्हणाले, नको. त्या लगीच लिहून ठेवतील."

मी विचारलं, "कसे हसले?"

"कसे म्हंजे?"

"म्हणजे... रागानं? की..."

"आता काय सांगू बाई. हसले. माणूस हसतंय तसं हसले."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. माझा पडलेला चेहरा, मौलाभाईंनी काय काय सांगितलं असेल ते... दुःखात बसलेल्या बाईनं दुसरीला बरं वाटावं म्हणून एखादा मेलेला उंदीर निर्माण करणं अशक्य नाही. सर्दीनं बंद झालेलं नाक आणि आता हयात नसलेला एकमेव साक्षीदार. माझ्याही वहीत दुसरं काय होतं? मी त्यांच्या डोळ्यांत खोटं शोधलं आणि मला काही सापडलं नाही. पण सरांनाही तीन महिने माझ्या डोळ्यांत काही सापडलं नव्हतं.

निघताना मी कपाटापाशी थांबले. खाली शहाबादी फरशी होती. कपाटाच्या पायांशेजारी, वीतभर अंतरावर, गंजाचे चार जुने डाग होते. कपाट कधीतरी सरकवलेलं होतं आणि पहिल्या जागी परत गेलं नव्हतं, एवढं खरं. कशासाठी सरकवलं, कुणी सरकवलं, ते फरशीवर उमटलेलं नव्हतं. पुस्तकं कॉटवर ठेवून मी गुडघे टेकले आणि कपाट व भिंत यांच्यामधल्या फटीशी नाक नेलं. वर्ष उलटून गेलेलं. मला ठाऊक होतं की तिथे काही असणार नाही.

"काय, येतोय व्हय वास?" शांतक्कांनी मागून विचारलं.

मी वेळ घेतला. "नाही," मी म्हणाले. आणि तरीही उठले नाही, डोळे मिटून पुन्हा एकदा श्वास आत घेतला.